कादंबरीला रहिवासी दाखला

गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या गावी एका साहित्य मेळाव्याला गेलो होतो. मांडव अर्धा रिकामा, माइक मधूनच गुरगुरणारा, आणि व्यासपीठावर परिसंवाद: कादंबरीतला भूप्रदेश. एका तिशीतल्या लेखिकेची पहिली कादंबरी नुकतीच आली होती, ऊसतोडीच्या हंगामात घडणारी. ज्येष्ठ साहित्यिकांनी माइक जवळ ओढला आणि तिला विचारलं, "ताई, तुम्ही कधी हातात कोयता धरलाय का?" टाळ्या पडल्या. तिच्या बाजूने बोलणारे एक प्राध्यापक उठले. "मग महाभारतावर कादंबऱ्या लिहिणारे काय कुरुक्षेत्रावर लढून आले होते?" त्यालाही टाळ्या, जरा जास्तच. मग आभार झाले आणि मंडळी बुंदीच्या पंगतीला बसली. लेखिका शेवटपर्यंत काही बोलली नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

हा वाद मराठवाड्यात मी गेली वीस वर्षं याच दोन वाक्यांत ऐकतोय. एक बाजू म्हणते, जगलेलंच लिहा. दुसरी म्हणते, प्रतिभेला शिवार नसतं. दोघांनाही टाळ्या मिळतात, म्हणून पुढे कुणी जात नाही. माझं म्हणणं असं आहे की कादंबरीची जागा निवडताना स्वतःचा अनुभव लागतोच, त्यावाचून भागत नाही. पण अनुभव म्हणजे तलाठ्याकडून मिळणारा रहिवासी दाखला नाही. तुम्ही त्या गावात कुठे उभे होता, काय काम करत होता, तिथून काय दिसत होतं आणि काय दिसत नव्हतं, याचा हिशेब म्हणजे अनुभव. हा हिशेब ज्याला देता येतो त्याने चार महिने राहूनही लिहावं. ज्याला देता येत नाही, त्याच्या सात पिढ्या तिथं नांदल्या असल्या तरी कादंबरी कच्चीच राहते.

आता कोयत्याचा प्रश्न टाकाऊ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच्यामागे मोठा इतिहास आहे आणि तो बराचसा याच मातीतला आहे. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं, पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक याच शहरातून निघत राहिलं. त्याआधीचं मराठी कथेतलं गाव आठवून पाहा: पार, देऊळ, विहीर, पाटलाचा वाडा. गावकुसाबाहेर काय होतं? फार तर एखादा इमानी गडी, धन्यासाठी जीव देणारा. ज्यांच्याबद्दल इतकी वर्षं लिहिलं गेलं तीच माणसं लिहू लागली तेव्हा कळलं की ते गाव निम्मं कापून छापलेलं होतं. 'तू हे जगलास का?' हा प्रश्न त्या काळी कुणाला गप्प करण्यासाठी निघाला नव्हता, ज्यांना बोलूच दिलं गेलं नव्हतं त्यांना जागा करून देण्यासाठी निघाला होता. त्याचं मोल कमी करायला मी हा लेख लिहीत नाही.

बाहेरून येणाऱ्यांच्या चुकाही खऱ्या आहेत. मराठवाड्यावरच्या कुठल्याही पुस्तकाचं मुखपृष्ठ घ्या, भेगाळलेली जमीन असते. अहो, काळी जमीन चांगल्या पावसाच्या सालीही मे महिन्यात भेगाळतेच. हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती त्यांत ढासळते, पहिला पाऊस त्यांतून खोल मुरतो. म्हणून तर जुनी माणसं म्हणतात की काळी स्वतःच स्वतःला नांगरते. दुष्काळ भेगेत दिसत नाही. तो बैलबाजारात दिसतो, कडब्याच्या भावात दिसतो, दाराशी ठेवलेल्या निळ्या ड्रमच्या झाकणाला लावलेल्या कुलपात दिसतो. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. देशभरातले कॅमेरे स्टेशनावर होते. त्याच्या महिनाभर आधी शहरात पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती, म्हणजे हंडा घेऊन पाच बायका एकत्र उभ्या राहिल्या तर गुन्हा. माझ्या मते कादंबरी त्या पाच बायकांत होती. पण ती दिसायला रांगेत नंबर लावावा लागतो, आणि गाडीचा फोटो फलाटावरूनही काढता येतो.

भाषेचंही तसंच. टीव्हीवरच्या मालिकांनी कोल्हापूर-साताऱ्याकडची बोली अख्ख्या महाराष्ट्राच्या खेड्यांवर पांघरली आहे. लातूर-नांदेडकडचा माणूस 'काय करायलास' म्हणतो, 'मी काम केलो' म्हणतो, धान्याच्या बाजाराला मोंढा म्हणतो. उदगीर-उमरग्याकडे बोलण्यात कानडी मिसळते, देगलूरकडे तेलुगू, आणि दखनी तर सगळीकडेच. 'मोंढा' हा शब्द जिथं यायलाच हवा तिथं 'मार्केट यार्ड' आलं की आपल्याकडचा वाचक पुस्तक मिटतो. बरोबरच करतो.

इतकं सगळं कबूल करूनही मी ज्येष्ठांच्या बाजूला जाऊन बसत नाही. त्याचं कारण माझीच एक फजिती.

बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात एका वस्तीवर मी बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. दिवाळी झाली की गाव ऊसतोडीला निघायचं. टोळी जमवणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली, ट्रक दाराशी, भांडीकुंडी, शेळी, तान्ही पोरं. २००९ साली मी त्याच्यावर कादंबरी लिहिली, हाताने, १८० पानं. उसाचा फड, कोप्या म्हणजे पाचटाच्या झोपड्या, थंडी, मुकादमाची दादागिरी, सगळं होतं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ती आपल्या आईला आठ-दहा रात्री वाचून दाखवली. त्या बाईंनी पंधरा हंगाम केलेले. त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, लई भारी लिवलंय तुम्ही. पण तुमच्या फडात मोळ्या कोण बांधायलंय?"

मी घरी येऊन पानं उलटली. खरंच, १८० पानांत ऊस तोडला जात होता आणि आपोआप ट्रकात जाऊन पडत होता. माझा नायक कोयता चालवायचा आणि नायिका कोपीत भाकरी करायची. प्रत्यक्षात बाई पहाटे तीनला उठून भाकरी करते आणि मग दिवसभर फडात असते. नवरा तोडतो, ती गोळा करते, उसाच्या शेंड्याच्या पानांचा, वाढ्याचाच, पीळ देऊन मोळी बांधते, आणि गाडी रात्री अकराला आली तर अकराला ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते. या धंद्यात 'कोयता' म्हणजे नुसतं हत्यारही नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. तेव्हा 'तुम्ही कोयता धरलाय का' असं विचारणाऱ्या आमच्या ज्येष्ठांच्या प्रश्नातच अर्धं काम गळालं होतं. माझ्याही कादंबरीतून तेच गळालं होतं, आणि माझ्याकडे तर रहिवासी दाखला होता.

बावीस वर्षं राहूनही ते का दिसलं नाही? कारण गाव फडावर जायचं आणि मी शाळेत उरायचो. माझा अनुभव फडाचा नव्हताच, गाव निघून गेल्यानंतरच्या गावाचा होता. हजेरीपटावर ४१ नावं आणि वर्गात १७ पोरं. हंगामी वसतिगृहाच्या नावाखाली शाळेतच शिजणारी रात्रीची खिचडी. एक म्हातारी दर आठवड्याला शाळेत यायची, लुगड्याच्या गाठीतून घडी पडून पडून फाटत आलेली चिठ्ठी काढायची आणि म्हणायची, "नंबर लावून द्या, गुरुजी." मी माझ्या फोनवरून लावायचो. पलीकडे तिची सून, मागे ट्रकचा आवाज. म्हातारी फोन कानाला लावायची आणि काहीच बोलायची नाही. नातवाच्या हातात द्यायची. तोही बोलायचा नाही. अर्ध्या मिनिटाने ती फोन परत द्यायची, म्हणायची, "झालं." दिवाळीपासून पाडव्याच्या पुढे कारखान्याचा पट्टा पडेपर्यंतचं, म्हणजे हंगाम संपेपर्यंतचं ते गाव, म्हातारी, पोरं आणि कुत्री, हे मी पाहिलं होतं. ते टाकून मी जे पाहिलं नव्हतं त्याची कादंबरी केली, कारण मला वाटलं नाट्य फडावर आहे. सुदैवाने ती छापली गेली नाही.

'मी गाव जगलोय' असं कुणी म्हणालं की म्हणूनच विचारावंसं वाटतं, बाबा रे, कुठली गल्ली? आपलं गाव एक नाहीच. वाडा वेगळा, वस्ती वेगळी, तांडा वेगळा, मशिदीमागची गल्ली वेगळी. प्रत्येक जण आपल्या दारातून दिसतं त्याला गाव म्हणतो. आमचं मूळ घर औसा तालुक्यात, माळवदाचं. दगड-मातीच्या दोन-अडीच हात रुंद भिंती, लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचे थर. गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला वर माती टाकायची, म्हणजे दर साली छप्पर थोडं जड व्हायचं. लहानपणी ते घर मला जगातली सगळ्यात भक्कम जागा वाटायचं. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, आणि माळवदावर झोपून चांदण्या मोजायच्या. १९९३च्या ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूरचा पट्टा हलला आणि हेच भक्कम छप्पर माणसांवर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली. ५२ गावं जागा बदलून नव्याने वसवावी लागली. वाड्यात झोपलेला मालक दबला आणि शेतात आखाड्यावर कुडाखाली झोपलेला सालगडी वाचला, अशा गोष्टी त्या भागात कुठल्याही गावात ऐकायला मिळतात. आमच्या घराला नुसते तडे गेले, पण त्यानंतर त्या चांदण्यांचं वर्णन मला पूर्वीसारखं लिहिता आलेलं नाही. तो अनुभव खोटा होता का? नाही. पण तो छपराच्या वरच्या बाजूचा होता.

याहून अवघड उदाहरण १९४८चं आहे. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, आपण झेंडा लावतो, आणि लावलाच पाहिजे. रझाकारांच्या धाडी, सरहद्दीवरचे कॅम्प, घरंदारं सोडून पळालेली कुटुंबं हे सगळं आमच्या आजोबांच्या तोंडून मी ऐकलेलं आहे. पण निजामाच्या हैदराबाद संस्थानावर झालेल्या पोलीस कारवाईच्या नंतरच्या आठवड्यांत काय झालं ते आजोबा सांगत नसत. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने किमान २७ ते ४० हजार माणसं, बहुतेक मुसलमान, मारली गेल्याचा अंदाज दिला, सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते, आणि तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. आजोबा खोटं बोलत नव्हते. ते एका गल्लीत राहत होते. उद्या मी त्या वर्षाची कादंबरी आमच्याच गावात बेतली आणि 'हा माझ्या घरचा अनुभव आहे' म्हणून हात झटकले, तर ते प्रामाणिक लिखाण ठरेल का? माझ्या मते ठरणार नाही. दुसऱ्या गल्लीत जाऊन विचारावं लागेल, आणि तिथल्या दारात मी परकाच असेन. स्वतःच्या गावात!

शिवाय अनुभवाला साल असतं, हे आपण विसरतो. आमच्या पिढीतले बरेच लेखक सतराव्या-अठराव्या वर्षी गाव सोडून औरंगाबाद, पुणे, मुंबईला गेले. कादंबरीत मात्र अजून मोट चालते. ज्यांचा जन्म ऐंशी सालचा तेही बहात्तरच्या दुष्काळात वाटलेली सुकडी आणि मिलो ज्वारी असे चवीने लिहितात जणू स्वतः रांगेत होते. इकडे शिवारभर सोयाबीन आहे, गावाच्या व्हॉट्सॲप गटावर पीकविम्याची भांडणं आहेत. आणि एक गंमत सांगतो. या लेखकांतल्या निम्म्यांची पोरं लातूरला क्लासला असतात. चार बाय सहाची कॉट, मेसचा डबा, भिंतीवर वेळापत्रक, दर रविवारी टेस्ट, आणि गावाकडे बापाने त्यासाठी विकलेलं दीड एकर. मराठवाड्यातल्या घराघरातला आजचा अनुभव हा आहे. कादंबरी लिहायला बसले की मात्र यांना बैलच दिसतात. जगलेलंच लिहायचं असेल तर हे कोण लिहिणार?

आता प्राध्यापकांच्या कुरुक्षेत्राकडे वळू. टाळी घेणारं वाक्य आहे, पण त्यात लबाडी आहे. कुरुक्षेत्रावरून कुणी उठून 'मोळ्या कोण बांधायलंय' असं विचारायला येत नाही. फडावरून येतं. जिथली माणसं जिवंत आहेत, वाचणारी आहेत, आणि ज्यांचं आधीच पुष्कळ चुकीचं लिहिलं गेलंय, तिथं 'मला कल्पनेचं स्वातंत्र्य आहे' हे उत्तर पुरत नाही. आणि कल्पना म्हणजे तरी काय? जिथं माहिती संपते तिथं ती नवं काही निर्माण करते, असं आपण धरून चालतो. माझा अनुभव उलटा आहे. माहिती संपली की मी आधी वाचलेल्या कादंबऱ्या आणि पाहिलेले सिनेमे आठवू लागतो. माझ्या कादंबरीतला दुष्ट मुकादम तसाच आला होता. खरा मुकादम बहुतेक वेळा स्वतः एके काळी कोयत्यावर गेलेला असतो, आणि टोळी पळाली तर पैसे त्याच्याच बोकांडी बसतात. हे मला त्या बाईंनीच सांगितलं.

टॉल्स्टॉयचं नाव या वादात हटकून येतं. 'वॉर अँड पीस'मधली लढाई १८१२ची आणि लेखकाचा जन्म १८२८चा, मग अनुभव कुठला? पण तोच टॉल्स्टॉय क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोलला तोफखान्यात होता. तोफेचा धूर, वाट पाहण्यातला कंटाळा, आपल्या बाजूला नक्की काय चाललंय हे कुणालाच माहीत नसणं, हे त्याने तिथून आणलं. आणि तरीही १८६७ साली तो बोरोदिनोचं रणांगण पायांखाली घालून आला. याहून मला बंगाली लेखक बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांचं उदाहरण जास्त बोलकं वाटतं, कारण एकाच लेखकाने दोन्ही करून दाखवलं. 'चाँदेर पाहाड़' आफ्रिकेत घडते आणि ते आफ्रिकेला कधी गेले नव्हते. पोरांना ती अजून आवडते, मलाही आवडते. पण त्यातली आफ्रिका ही खेड्यात अडकलेल्या बंगाली पोराच्या स्वप्नातली आहे. 'आरण्यक' मात्र त्यांनी भागलपूरकडच्या जमीनदारीत व्यवस्थापकाची नोकरी केली त्यातून आली. ते तिथले नव्हते. जंगल तोडून जमिनी वाटायचं काम त्यांचं होतं, आणि कादंबरीचा निवेदकही नेमकं तेच काम करतो. ज्याच्या सहीने जंगल संपतं त्याच्याच तोंडून ते जंगल आपल्याला दिसतं. तो आदिवासी असल्याचा आव आणत नाही. आपल्याकडे 'बनगरवाडी'चा मास्तरही बाहेरून चालत आलेलाच आहे, आणि ती वाडी आपल्याला दिसते ती त्या नव्या पोराच्या बिचकलेल्या डोळ्यांनी. (मी स्वतः मास्तर असून हा धडा वेळेवर घेतला नाही, हे वर आलंच आहे.)

आणि मराठी गद्याची सुरुवात तरी कशी झाली? महानुभाव पंथाचे चक्रधर मूळचे गुजरातेतल्या भडोचचे. ते आले, पैठणपासून गोदेच्या काठाने वर्षानुवर्षं हिंडले आणि लोकांच्या मराठीत बोलले. ते गेल्यानंतर म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'साठी त्यांच्या लीळा, म्हणजे आठवणी, जमवल्या त्या स्वतःच्या आठवणीवर विसंबून नाही. ज्याने जे पाहिलं त्याच्यापर्यंत जाऊन, विचारून. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही नोंदवायच्या, ही त्या परंपरेची रीत. त्याच पंथाच्या 'स्थानपोथी'त तर कुठलं देऊळ कुठल्या अंगाला आणि दार कुणीकडे, हेही लिहून ठेवलंय. सातशे वर्षांपूर्वी याच नदीच्या खोऱ्यात हे झालं. त्यांच्यातल्या कुणी म्हाइंभटांना 'तुम्ही तिथं होता का' एवढंच विचारून गप्प बसवलं असतं तर आपल्याकडे काय उरलं असतं? आणि 'मला सुचेल तसं लिहितो' असं म्हणून म्हाइंभट घरीच बसले असते तर?

त्या दिवशी मेळावा उरकल्यावर ती लेखिका स्टँडवर भेटली. दोघांनाही अंबाजोगाईच्या गाडीने जायचं होतं. चहा घेताना मी विचारलं, ऊसतोडीशी तुमचा संबंध कुठला? ती म्हणाली, "माझे बाबा चिटबॉय होते, सर. कारखान्यावर, तोडीच्या चिठ्ठ्या द्यायला. आम्ही क्वार्टर्समध्ये वाढलो, खिडकीतून वजनकाटा दिसायचा आणि त्याच्यामागे कोप्या. पूर्ण सीझन." हे तिने व्यासपीठावर का सांगितलं नाही, असं विचारल्यावर ती हसली. "कोयता धरलाय का, असं विचारलं होतं. नव्हता धरला."

मी कादंबरी चाळली. तिने ती एका तोडणाऱ्या मुलीच्या तोंडून सांगितली होती, कोपीच्या आतून. कोपीत कधी गेला होता का, विचारलं. "नाही. बाबा जाऊ द्यायचे नाहीत. त्या मुलींशी खेळलेलंही चालायचं नाही. एकदा गेले तर आईने दारातच कपडे काढायला लावले होते, अंघोळ घातली."

"हे आहे कादंबरीत?"

तिने कप खाली ठेवला. "नाही," म्हणाली, "ते मला घरातलं वाटलं." तेवढ्यात गाडी लागली, आणि जागा धरायला आम्ही दोघेही पळालो.